दौलताबादी कागद

परवा कपाट आवरायला काढलं. निवृत्त माणसाचं कपाट आवरणं म्हणजे, आमच्या सौभाग्यवतींच्या शब्दांत, एका खणातला पसारा दुसऱ्या खणात नेऊन ठेवणं. त्या कामात एक तपकिरी लिफाफा हाती लागला. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'जपून ठेवणे.' आत एटीएमच्या वीस-बावीस चिठ्ठ्या, दवाखान्याचं एक बिल आणि मिक्सरची पावती. सगळं कोरं. उजेडाकडे धरून पाहिलं, चष्मा बदलून पाहिलं. कुठे एखादा आकडा असल्यासारखा वाटे आणि नसे. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने जपून ठेवलेला हा पुरावा!

या चिठ्ठ्यांना शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो, यंत्राचं तापलेलं टोक लागलं की तेवढा ठिपका काळा होतो. मग ऊन लागलं, कपाटात उकडलं, किंवा प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटून राहिलं की अक्षर उडून जातं. ज्याने ते बनवलं त्याची फसवणूक करायची इच्छा नव्हती. चिठ्ठी दोन मिनिटं टिकावी एवढीच अपेक्षा होती. जपून ठेवायचा शहाणपणा माझा.

त्याच खणाच्या तळाशी एक जाडसर, पिवळट-पांढरा कागद घडी घालून ठेवलेला होता. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं : 'कागजीपुरा, १९८७.' पेन्सिल जशीच्या तशी. घडी उलगडली, कागद मोडला नाही.

दौलताबादचा किल्ला महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांनी वेरूळला जाता-येता पाहिलेला असतो. चांदमिनारसमोर फोटो, अंधारीत मुलांच्या किंकाळ्या, मेंढा तोफेवर हात फिरवणं आणि खाली आल्यावर सीताफळं. पण तिथून खुलताबादकडे निघालं की थोड्याच अंतरावर कागजीपुरा नावाचं गाव लागतं, तिथे फारसं कुणी थांबत नाही. नावातच धंदा आहे. हाताने कागद करणाऱ्या कागजी घराण्यांचं हे गाव. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून इथे आणली तेव्हा जे कारागीर आले त्यांत आमचे पूर्वज होते, असं तिथली मंडळी परंपरेने सांगत आली आहेत. (त्याच तुघलकाच्या तांब्या-पितळेच्या नाण्यांबद्दल बँकवाल्याला बोलायला फार आवडेल, पण तो विषय वेगळा, आणि लांबतो.)

१९८७ साली मी त्या भागातल्या एका खेड्यातल्या शाखेत कारकून होतो. एका रविवारी सायकल मारत कागजीपुऱ्याला गेलो होतो. तेव्हा पाहिलेलं अजून डोळ्यांपुढे आहे. सुती चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा. तो हौदातल्या पाण्यात ढवळायचा. चौकटीवर बसवलेली जाळी त्यात बुडवून अशी अलगद वर उचलायची की पाणी निथळून जावं आणि सायीसारखा एक थर वर राहावा. एकावर एक थर रचून दाबायचे, मग एकेक सोडवून भिंतीवर डकवून वाळवायचे. वाळलेल्या कागदाला खळ द्यायची, म्हणजे शाई फुटत नाही. आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचं. ज्या म्हाताऱ्याने मला हे दाखवलं त्याने घोटलेल्या कागदावर माझा हात ठेवून विचारलं, 'बोलो साब, काच है के कागज?' मी एक ताव विकत घेतला. त्यावर काहीतरी थोर लिहायचं असं ठरवलं होतं. अजून कोराच आहे.

या कागदाची जुन्या दप्तरांत 'दौलताबादी कागद' अशी ओळख होती. चिंध्यांचा कागद टिकतो त्याचं कारण साधं आहे : कापसाचा धागा लांब आणि शुद्ध. गिरणीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातली द्रव्यं आणि खळीला वापरलेली तुरटी यांनी तो आतून आंबट होत जातो, पिवळा पडतो, आणि एके दिवशी पापडासारखा मोडतो. त्यावर काजळ आणि डिंकाची जुनी शाई म्हणजे शुद्ध कोळसाच. तिला उन्हाचं भय नाही. त्यामुळे १६५० सालचा कागद आजही हातात धरता येतो, १९७० सालचं आमचं लेजर उघडताना तुकडे पडतात आणि २०१९ सालची एटीएमची चिठ्ठी कोरी होते. पुढे जावं तितकं आयुष्य कमी. आणि संगणकाची फाईल? तिच्याकडे येतोच.

त्या कागदांचं झालं काय? शहाजहान आणि औरंगजेब यांच्या दख्खनमधल्या कारभाराचे दीड लाखाच्या आसपास कागद औरंगाबादच्या किले अर्कमध्ये पडून होते. १९१६ साली ते निजामाच्या राजधानीत, हैदराबादला, नेण्यात आले आणि आजही तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. मराठवाडा १९४८ साली निजामी राजवटीतून सुटला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पण आठवणींचा एक मोठा गठ्ठा मागेच राहिला. घर बदलताना माळ्यावरची ट्रंक राहून जावी तसा.

या मुघल कागदांत फार मोठा भाग आहे तो 'अर्ज-ओ-चेहरा' या प्रकारच्या कागदांचा. मनसबदाराने ठेवलेला शिपाई खरा आहे की हजेरीपुरता उभा केलेला, हे ओळखण्यासाठी त्याचं वर्णन लिहून ठेवत : बापाचं नाव, वर्ण, कपाळ, भुवया, कुठल्या गालावर तीळ, कुठे तलवारीचा वण. घोड्याचंही तसंच, त्याच्यावर डागाची खूण. आपला 'चेहरेपट्टी' हा शब्द ऐकला की मला हे कागद आठवतात. बादशहाला त्या शिपायाविषयी आपुलकी नव्हती. पगार दोनदा जाऊ नये एवढीच काळजी होती. पण त्या काळजीमुळे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सामान्य घोडेस्वाराच्या डाव्या भुवईवरचा वण आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्या खापरपणजोबांचा चेहरा मात्र आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

हे मी हसत हसत लिहितोय, कारण हे काम मीही केलेलं आहे. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराचं खातं उघडताना कार्डावर ओळखचिन्ह लिहावं लागे. 'उजव्या कानामागे तीळ.' 'हनुवटीवर भाजल्याचा डाग.' बायाबापड्या लाजत पदर सरकवून कोपरावरची खूण दाखवत आणि मी ती टाकाने लिहून घेई. आता चक्र उलटं फिरलंय. दर नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. इतक्या वर्षांच्या नोटा मोजून ते झिजले असावेत. मग नातू मोबाइल माझ्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, 'आजोबा, डोळे मिचकवा.' मी मिचकवतो. यंत्र म्हणतं, आहे. मग पेन्शन येतं. अर्ज-ओ-चेहरा.

आपण शाळेच्या पिशवीला दप्तर म्हणतो आणि सरकारी कागदांच्या साठ्यालाही दप्तरच म्हणतो. शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीक भाषेतून गेला. मूळ अर्थ, लिहिण्यासाठी कमावलेलं कातडं. अभिलेखागाराला युरोपात जो शब्द आहे त्याचाही उगम ग्रीकच, पण अर्थ वेगळा : अधिकाऱ्याचं घर. एक शब्द सांगतो नोंद कशावर केली, दुसरा सांगतो ती कुणाच्या ताब्यात आहे. माझ्या नोकरीच्या अनुभवाने सांगतो, दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

लेखनाने स्मरणशक्ती मंदावेल, ही तक्रार प्लेटोच्या काळापासून चालत आलेली आहे. मोबाइलवर नंबर पाठ राहत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो ती तिचीच नात. पण देवगिरीच्या परिसरातली दोन उदाहरणं मला या वादात फार मोलाची वाटतात.

पहिलं इसामीचं. राजधानी हलली तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा नव्वद वर्षांच्या आजोबांबरोबर दिल्लीहून निघाला. आजोबा पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, गेले. मुलगा दौलताबादला पोचला, इथेच मोठा झाला, आणि बहमनी राज्य उभं राहिल्यावर १३५० च्या सुमारास त्याने 'फुतूह-उस-सलातीन' हा फारसी पद्यातला इतिहास लिहिला. तुघलकावरचा त्याचा राग त्यात जागोजागी आहे. इतिहासकार सांगतात, इसामीवर पूर्ण विसंबू नका. खरं असेल. पण सुलतानाच्या हिशेबात त्या म्हाताऱ्याची एक ओळही नसणार. नातवाने वीस-बावीस वर्षं मनात धरून ठेवली म्हणून ती आहे.

दुसरं आपल्या मराठीचं. यादवांच्या राज्यात चक्रधरस्वामी फिरले, बोलले. त्यांच्यामागे म्हाइंभटाने माणसं गाठून, विचारून, ताडून त्यांच्या आठवणी जमवल्या. तेच 'लीळाचरित्र'. तेराव्या शतकात एका माणसाने साक्षी गोळा करून हे केलं याचं मला नेहमी नवल वाटतं. पुढे अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ साली देवगिरीवर चाल केली आणि खिलजी सैन्याच्या धाडी सुरू झाल्या, त्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी ते पुन्हा सांगितलं, लिहवलं. म्हणून पाठ वेगवेगळे झाले आणि अभ्यासकांना काम मिळालं. कागद गेला तेव्हा माणूस उपयोगी पडला. पुढे त्याच पंथाने ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून सांकेतिक लिप्या वापरल्या; सकळ लिपी त्यांतली प्रसिद्ध. परिणाम असा की पोथ्या शेकडो वर्षं सुरक्षित राहिल्या आणि बाहेरच्या मराठी वाचकाला, विसाव्या शतकात त्या लिपीचा उलगडा होईपर्यंत, त्यांचा पत्ताच नव्हता.

माझ्या घरीही एक सकळ लिपी आहे. माझी पहिली कादंबरी मी १९९६ साली एका परिचिताच्या डीटीपी केंद्रात संगणकावर टाइप करून घेतली. पुस्तक निघालं, प्रती संपल्या, प्रकाशकाचं दुकान बंद झालं. फ्लॉपी मी जपली. पाच-सहा वर्षांपूर्वी नवी आवृत्ती काढायची बोलणी झाली, तेव्हा फ्लॉपी वाचणारं यंत्र शोधण्यात महिना गेला. ते मिळालं, फाईल उघडली आणि पडद्यावर आलं ते मराठी नव्हतं. प्रश्नचिन्हं, डॉलरची खूण, उलटी स्वल्पविरामं. तेव्हाचे मराठी फाँट प्रत्येक कंपनीचे निराळे. इंग्रजी अक्षराच्या जागी आपलं चित्र बसवलेलं. तो फाँट नाही तर कादंबरी नाही. शेवटी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात छापील प्रत सापडली, कसर लागलेली, बत्तिसावं पान नसलेली, आणि तिच्यावरून सगळं पुन्हा टाइप केलं. बत्तिसावं पान मी आठवून लिहिलं. ते मूळच्यापेक्षा बरं झालंय असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. म्हाइंभटाच्या पोथीचं काय झालं असेल ते मला त्या आठवड्यात कळलं.

जुन्या नोंदींकडे कुणी ढुंकून पाहत नाही, हे मराठवाड्यात तरी आता म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील, शाळा, भूमी अभिलेख, सगळीकडचे बस्ते सुटले. पहिल्या टप्प्यात १ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी चाळल्या गेल्या, ११,५३० सापडल्या. लोक हैदराबादपर्यंत गेले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबादचं गॅझेटियरही या विषयात आलं. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. मी पाहत होतो ते निराळंच. ज्या मोडी वाचकांना आजवर कुणी चहाही विचारत नव्हतं त्यांच्या दारात रांगा लागल्या. उर्दू वाचणाऱ्या निवृत्त मास्तरांना सन्मानाने गाडीत बसवून नेलं जाऊ लागलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा कोतवालाने जन्म-मृत्यूच्या वहीत घाईने ओढलेला एक शब्द पणतूच्या शिक्षणाचा प्रश्न होऊन बसला. त्या कोतवालाला झोप आली असेल, टाक फुटला असेल, शब्द राहिला असेल, तर?

मोडी आता संगणकातही आली आहे. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि २०२५ मध्ये रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी पुण्यातल्या सहकाऱ्यांसह मोडी कागदाच्या चित्रावरून थेट देवनागरी मजकूर देणारी संगणक प्रणाली मांडली. तिला शिकवायला दोन हजारांवर कागद तज्ज्ञांकडून वाचून घेतले. उत्तम आहे. हजारो रुमाल बांधलेले पडलेत, माणसं पुरणार नाहीत. माझी शंका एवढीच, की मोडी वाचणारा माणूस अडतो तेव्हा 'लागत नाही' म्हणून पेन्सिलीने फुली मारतो. यंत्र अडत नाही. ते काहीतरी वाचतंच.

आता जे लिहायचं मी टाळतोय ते लिहितो.

कागजीपुऱ्याला मी सायकलवर गेलो ती शाखा. तिथे मी तीनदा होतो : आधी कारकून, मग अधिकारी, मग व्यवस्थापक. गावाचं नाव लिहीत नाही. अधिकारी असताना, २००२ साली, शाखा नव्या जागेत जायची होती आणि संगणक यायचे होते. जुन्या खोलीत लेजरं, व्हाउचरांचे गठ्ठे, वाळवी, उंदीर. बँकांनी कोणतं रेकॉर्ड किती काळ ठेवायचं याचे १९८५ सालचे नियम आहेत. काही पाच वर्षं, काही आठ. आम्ही नियमाप्रमाणे यादी केली. वरिष्ठांची परवानगी आली. लेजरं गोण्यांत भरून नेऊन दोन अधिकाऱ्यांसमोर नष्ट केली आणि नष्ट केलेल्या रेकॉर्डच्या रजिस्टरवर सह्या केल्या. त्यांतली एक माझी. ते रजिस्टर मात्र कायम जतन करायचं असतं. काय होतं ते जातं. काय नष्ट केलं याची नोंद राहते. दफ्तरी होता आमचा, जुना माणूस, तो एवढंच म्हणाला, 'सायेब, खोली मोकळी झाली, पन ओकीबोकी दिसायली.'

२०१० साली मी तिथे व्यवस्थापक होतो. एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, सोबत शाळकरी नातू. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा दिसतोय, तो कमी करायचा. नवऱ्याने बैलजोडीसाठी कर्ज काढलेलं, ते १९८८ साली फेडलेलं, तो आता नाही. बोजा तेव्हाच उतरवून घ्यायचा राहिला. आता जमिनीची वाटणी व्हायची तर बोजा आडवा येतोय. संगणकावर पाहिलं. त्या नावाचं कर्ज नाही. असणारच नाही; संगणकात फक्त तेव्हा चालू असलेली खाती घेतली होती. मी म्हटलं, 'मावशी, आमच्याकडे नोंदच नाही.'

'म्हंजे फिटलं ना सायब?'

इथे गोम आहे. 'नोंद नाही' आणि 'येणं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तलाठ्याला दुसरं हवं होतं. मला पहिलंच लिहिता येत होतं.

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढली. घडीवर घडी, चार तुकडे झालेले. बँकेचा जांभळा शिक्का दिसत होता. रक्कम दिसत नव्हती, तारखेतला अठ्ठ्याऐंशी असावासा एक आकडा. खाली लफ्फेदार सही. ती माझी असू शकत होती. नसूही शकत होती. बाई म्हणाल्या, 'तुमच्याच हातात पैसे दिल्ते मालकानं. मी बाहेर पायरीवर बसल्ते. तुमाला मिशी होती तवा.'

मला मिशी होती. बाकी मला काहीच आठवत नव्हतं. आमचा दफ्तरी तोवर वारला होता. त्याला कदाचित आठवलं असतं. त्या बाईंना बावीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाची मिशी ठाऊक होती, आणि त्या कारकुनाने ते लेजर नियमाप्रमाणे फाडून टाकलेलं होतं.

मी वकिलांचं मत मागवलं. मत आलं : लेजर उपलब्ध नसल्याने परतफेड झाल्याचं प्रमाणपत्र देता येणार नाही. आता सांगायला हरकत नाही, माझ्या जबाबदारीवर 'कर्ज बेबाक' असं दोन ओळींचं पत्र मी देऊ शकलो असतो. इतकं जुनं कर्ज बँक कोर्टात मागूही शकली नसती. पण तीन महिन्यांवर माझी बढतीची मुलाखत होती आणि सहीला मी घाबरत होतो. मी लिहून दिलं : 'सदर नावाचे कर्जखाते आजमितीस आमच्या नोंदींत आढळून येत नाही.' बाई ते घेऊन गेल्या, आठ दिवसांनी परत आल्या. तलाठी म्हणाला, हे चालत नाही. पुन्हा एकदा आल्या. मग जूनमध्ये माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्याने काय केलं हे मी कधी विचारलं नाही.

कपाट तसंच उघडं टाकून परवा मी मोबाइलवर सातबारा पाहण्याची सरकारी जागा उघडली. आता ते सगळं घरबसल्या दिसतं. जिल्हा निवडला, तालुका निवडला, गाव निवडलं. पुढे चौकट आली : गट नंबर टाका, नाहीतर नाव टाका. मला त्यांचं नाव आठवेना. नवऱ्याचंही नाही. आठवत होती ती पिशवी, शिक्क्याचा जांभळा रंग, आणि शेताच्या बांधावर चिंचेचं झाड आहे असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या, ते.